नुसतं उलटवून मार्क भेटत नाही, भाऊ

भाऊ, ऋण घातावरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट पूर्ण वाचली. ऋण घात, म्हणजे मायनसवाला घात, दिसला का अपूर्णांक उलटवायचा अन् पुढं जायचं, एवढ्याशासाठी मी इतकं लांबण कायले लावलं, स्कॉलरशिपच्या एका पेपरले ९० मिनिटांत ७५ प्रश्न असते, तिथं "का" विचारत बसाले टाइम कोणाजवळ आहे, असं तुमचं म्हणणं. टाइमचं पटते. पण मार्क जाते कुठं ते पाहा ना.

पोट्ट्याले (२/३)^(-२) द्या, म्हणजे २/३ चा घात -२. कोणी -४/९ लिहिते, कोणी उलटवते पण मायनस सोडत नाही, -९/४ लिहिते. पर्यायात दोन्ही असतेच, पेपर काढणारा काही झोपलेला नसते! त्यापेक्षा एक-एक पायरी खाली उतरू द्या: घात २ तर ४/९, घात १ तर २/३, घात ० तर १. दरवेळी २/३ नं भागून राह्यलो, म्हणजे ३/२ नं गुणून राह्यलो. मग -१ ले ३/२, -२ ले ९/४. उलटणं इथून आलं, अन् मायनस उत्तरात कुठंच घुसला नाही. भागाकारातच अडकला असंल तर विचारा, एका एकरात अर्धा-अर्धा एकर कितीदा बसते? दोनदा. तेच (१/२)^(-१).

मी कंसाचा कीस पाडतो म्हणालात. बाप्पा, (२/३)^२ म्हणजे ४/९ अन् कंस काढला तर २/३^२ म्हणजे २/९, आता बोला.

शॉर्टकट मीही शिकवतो, पण नंतर. अन् टाइम खाते ते भलतंच. (१६/८१)^(-३/४) घ्या, उलटवून झालं (८१/१६)^(३/४), इथपर्यंत तुमचा नियम. घात ३/४ म्हणजे वरच्या ३ चा घन अन् खालच्या ४ चं चौथं मूळ. पुढं पोट्टं ८१ चा घन करते, ५३१४४१, खाली ४०९६, अन् मग त्याचं चौथं मूळ शोधत बसते. घनाचं मूळ काढा नाहीतर मुळाचा घन करा, उत्तर एकच येते, मंग आधी मूळच काढा ना: ३/२, त्याचा घन २७/८. तोंडी होते, पेन्सिल लागत नाही.

घरी पोराले (८/१२५)^(-२/३) देऊन पाहा. २५/४ आलं पाहिजे. अन् कच्च्या कामात १२५ चा वर्ग १५६२५ दिसला तर तुमच्या ९० मिनिटांतले दोन-तीन तिथंच गेले.