बेगमपेठची शाळा आणि तीन सीईओ : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

शाळाप्रवेशाचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरू लागतो. सत्या नडेला, शंतनू नारायण आणि अजय बंगा यांचे फोटो ओळीने लावलेले असतात. खाली मजकूर असा की मायक्रोसॉफ्ट, अडोबी आणि मास्टरकार्ड या तिन्ही कंपन्यांचे प्रमुख हैदराबादच्या एकाच शाळेत शिकले, तेव्हा माणूस शाळेतच घडतो. मग उपदेश सुरू होतो. हुशार मुलांच्या संगतीत मूल हुशार होतं, शाळेतल्या ओळखी जन्मभर पुरतात, इंग्रजी आणि आत्मविश्वास महागड्या शाळेतच मिळतात, म्हणून फीला खर्च न म्हणता गुंतवणूक म्हणा. आणि शेवटी एक बोचरी ओळ : तुमचं मूल वर्गात कोणाशेजारी बसतं यावर त्याचं भविष्य ठरतं.

यातली मूळ माहिती खरी आहे. तिघेही बेगमपेठच्या हैदराबाद पब्लिक स्कूलचे. नारायण २००७ मध्ये अडोबीचे सीईओ झाले, बंगा २०१० मध्ये मास्टरकार्डचे, नडेला २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे. बंगा २०२३ पासून जागतिक बँकेचे अध्यक्ष आहेत, ते मेसेजमध्ये टाकायचं राहून गेलेलं दिसतं. कॅनडातल्या फेअरफॅक्स फायनान्शियलचे प्रेम वत्सही त्याच शाळेचे. यादी आणखी लांबवायला माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती त्यातून काढलेल्या निष्कर्षाला.

शाळेने घडवलं की शाळेने निवडलं?

ही शाळा १९२३ साली निजामाच्या राज्यात सुरू झाली, तेव्हा तिचं नाव होतं जागीरदार्स कॉलेज. जहागीरदारांच्या मुलांसाठी, इंग्लंडमधल्या ईटन या उमरावांच्या शाळेच्या धर्तीवर काढलेली. जहागीरदार म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको, तो मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. हैदराबाद भारतात आलं, जहागिऱ्या गेल्या आणि १९५१ मध्ये शाळेचं नाव बदलून दारं इतरांना उघडली.

इतर म्हणजे कोण? नडेलांचे वडील बी. एन. युगंधर आयएएस अधिकारी, पुढे नियोजन आयोगाचे सदस्य. आई संस्कृतच्या अभ्यासक. बंगांचे वडील लष्करात लेफ्टनंट जनरल. नारायण यांच्या आई अमेरिकन साहित्य शिकवायच्या, वडिलांचा प्लास्टिकचा व्यवसाय. अशा घरातलं मूल गावातल्या दुसऱ्या बऱ्या शाळेत गेलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हा खरा प्रश्न आहे आणि मेसेज तो विचारतच नाही. बंगांच्या शाळा तर वडिलांच्या बदल्यांबरोबर बदलत गेल्या. सिमल्याच्या सेंट एडवर्ड्स शाळेनेही त्यांच्यावर हक्क सांगितला तर तिला नाही कसं म्हणणार?

शाळेनंतरचा प्रवासही बघा. नडेलांना आयआयटी मिळाली नाही. ते मणिपालला इंजिनियर झाले आणि मग अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिल्वॉकी विद्यापीठात गेले. नारायण उस्मानिया विद्यापीठातून ओहायोतल्या बोलिंग ग्रीनला. बंगा सेंट स्टीफन्स आणि आयआयएम अहमदाबाद करून नेस्लेत लागले. प्रत्येक पायरीवर नवी चाळणी, आणि मधे दोन-तीन दशकांची नोकरी. हे सगळं वगळून थेट सातवीच्या वर्गाला श्रेय द्यायचं म्हणजे कमालच झाली.

शिवाय शंभर वर्षांत त्या शाळेतून हजारो मुलं बाहेर पडली. कुणी जिल्हा न्यायालयात वकिली करत असेल, कुणी वडिलांचं दुकान बघत असेल, कुणाचं छान चाललं असेल, कुणाचं नसेल. त्यांचे फोटो कोण फिरवणार? आणि गूगलच्या सुंदर पिचाईंचा फोटो या ओळीत का नाही? ते चेन्नईत जवाहर विद्यालय आणि आयआयटीच्या आवारातल्या वनवाणी शाळेत शिकले. राजेरजवाड्यांचा वारसा त्या शाळांना नाही, म्हणून त्यांचा मेसेज होत नाही.

हे लिहिलं की दुसऱ्या बाजूचे लोक लगेच रघुनाथ माशेलकरांचा फोटो पुढे करतात. लहानपणी वडील गेले, आईने कष्ट करून वाढवलं, गिरगावात खेतवाडीच्या पालिका शाळेत शिकले आणि सीएसआयआर या देशातल्या सरकारी प्रयोगशाळांच्या संस्थेचे महासंचालक झाले. माणूस थोर, प्रश्नच नाही. पण त्यावरून पालिकेची शाळा शास्त्रज्ञ घडवते म्हणणं हाही त्याच जातीचा मेसेज झाला.

निकाल कुठून येतो हे शाळांना पक्कं ठाऊक असतं. एखाद्या नामांकित शाळेचा प्रवेश-अर्ज नीट वाचा. मुलाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट दोन ओळींत आटोपतं. मग वडिलांचं शिक्षण, हुद्दा, कंपनी, ऑफिसचा पत्ता. आईचं तेच सगळं. वार्षिक उत्पन्न, घरात बोलली जाणारी भाषा, कुटुंबात कुणी या शाळेचं माजी विद्यार्थी आहे का. त्यानंतर दोघा पालकांना बोलावून ‘इंटरॅक्शन’. मुलाखत म्हणायची सोय नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दर खेपेला ५० हजारांपर्यंत. चहाबिस्किटांसह होणाऱ्या त्या गप्पांत चार वर्षांच्या पोरापेक्षा आई-बापाचीच परीक्षा जास्त होते, हे तिथे जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

‘हुशार मुलांच्या संगतीत हुशार होतं’

हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. अमेरिकेत तपासलं गेलं आहे. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये काही सरकारी शाळा गुणवत्तेवर प्रवेश देतात. बॉस्टन लॅटिन त्यातली सगळ्यात जुनी, १६३५ सालची. न्यूयॉर्कची स्टायव्हसंट अशीच. तिथे कटऑफ असतो. समजा, शेवटचा प्रवेश मिळालेला मुलगा आणि थोडक्यात हुकलेला मुलगा यांच्यात एका-दोन गुणांचं अंतर आहे. कुवत जवळपास सारखी, घरं साधारण सारखी. पण एक जण शहरातल्या अव्वल मुलांच्या वर्गात जाऊन बसतो, दुसरा साध्या शाळेत. पुढे दोघांचं काय होतं?

अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली अशा कटऑफच्या अल्याड-पल्याडच्या मुलांचे निकाल मांडले. वर्गसोबत्यांची पातळी एकदम वर उडी मारते, पण मुलाच्या स्वतःच्या परीक्षेतल्या गुणांवर त्याचा परिणाम जवळजवळ काहीच दिसत नाही. केनियातल्या नामवंत राष्ट्रीय शाळांच्या बाबतीतही त्याच वर्षी असंच हाती लागलं.

‘पण त्या सरकारी शाळा, आमचं बोलणं खासगीबद्दल’ असं कुणी म्हणेल. सरकारी आहेत म्हणूनच ही तुलना चोख आहे, कारण बापाच्या पैशाचा प्रश्न त्यातून वजा होतो.

याचा अर्थ शाळा कुठलीही चालते असा मुळीच नाही. चांगल्या शिक्षकाचा परिणाम मुलाच्या मोठेपणीच्या कमाईपर्यंत पोचतो, हेही अमेरिकेतल्या लाखो मुलांच्या नोंदींवरून दाखवलं गेलं आहे. अडचण एवढीच की फीच्या पावतीवरून शिक्षक कळत नाही. पोहण्याचा तलाव मात्र ब्रोशरच्या पहिल्याच पानावर दिसतो.

ओळखींचं काय?

मेसेजचा हा मुद्दा सगळ्यात भक्कम आहे, आणि तो उडवून लावणारे लोक मला अप्रामाणिक वाटतात. ब्रिटनमध्ये खासगी शाळांत जाणारी मुलं सुमारे ७ टक्के. शिक्षणातल्या विषमतेवर काम करणाऱ्या सटन ट्रस्ट या संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के खासगी शाळांतून आलेले निघाले. एकट्या ईटनने देशाला २० पंतप्रधान दिले. क्लॅरेंडन शाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नऊ जुन्या शाळांच्या विद्यार्थ्याचं नाव ‘हूज हू’ या प्रतिष्ठितांच्या कोशात येण्याची शक्यता इतरांच्या ९४ पट, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं. पूर्वी ती याहूनही जास्त होती. तेव्हा दार उघडतं, यात शंका नाही.

पण कुणासाठी उघडतं? इथे चिलीचा अभ्यास वाचण्यासारखा आहे. अर्थशास्त्रज्ञ सेथ झिमरमन यांनी २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. चिलीतली दोन सर्वोच्च विद्यापीठं, तिथले कायदा, व्यवस्थापन, अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम, आणि पुन्हा तीच कटऑफची युक्ती. प्रवेश मिळाल्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांचे संचालक किंवा बडे अधिकारी होण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी वाढलं. उत्पन्नाच्या शिडीवर हजारात पहिल्या एकात पोचण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी. हे वाचून कुणीही म्हणेल, बघा, सांगत होतो ना!

मग त्यांनी आकडे सुटे केले. हा सगळा फायदा महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांच्या वाट्याला गेला होता. त्याच वर्गात, त्याच गुणांवर आलेल्या मुलींना शून्य. साध्या शाळेतून आलेल्या मुलग्यांनाही शून्य. आणखी एक बारकावा : एकाच कंपनीच्या वरच्या पदांवर एकत्र दिसणारे बरेच जण एकाच बॅचचे आणि एकाच प्रकारच्या शाळांतले होते. म्हणजे पदवी सगळ्यांना मिळाली, घरोबा मात्र आधीपासून घरोबा असलेल्यांनाच.

आपल्याकडे हे डोळ्यांसमोर असूनही आपण वेगळं वाचतो. मुंबईच्या कॅथेड्रल शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत जेआरडी आणि रतन टाटा आहेत. दोघांचंही आडनाव शाळेत घातल्यावर टाटा झालं नव्हतं. अजमेरचं मेयो, राजकोटचं राजकुमार कॉलेज, ग्वाल्हेरला शिंद्यांनी १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी काढलेली शाळा या सगळ्यांत मुलं संस्थानिक किंवा सरदार म्हणून आली आणि तशीच बाहेर पडली. तिथली मैत्री खरी असेल, पण ती बरोबरीच्यांची मैत्री होती. कर्ज काढून त्या बाकावर मूल बसवणाऱ्या मध्यमवर्गीय पालकाला वाटतं, बाक मिळाला म्हणजे मैत्री मिळाली. सुट्टीत वर्गातली निम्मी मुलं लंडनला जातात आणि आपलं मूल आजोळी साताऱ्याला, ही दरी फी भरून बुजत नाही. काही मुलं ती सहज ओलांडतात, काही आतल्या आत कुढतात.

इंग्रजी आणि आत्मविश्वास

इंग्रजीचा फायदा आहेच. २००५ च्या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या अभ्यासात सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांचं ताशी वेतन इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त निघालं, शिक्षण वगैरे गोष्टी जमेला धरूनही. पण सफाईदार इंग्रजी शिकवणाऱ्या मध्यम फीच्या शाळा आता तालुक्याच्या गावीही आहेत. मराठी माध्यमातून येऊन कॉलेजच्या दोन वर्षांत इंग्रजी अंगवळणी पाडलेली माणसं प्रत्येक ऑफिसात सापडतील. आत्मविश्वासाबद्दल मी वाद घालत नाही, त्याचं मोजमाप कुणाकडेच नाही.

‘खर्च नाही, गुंतवणूक’

मग गुंतवणुकीसारखा हिशेब करू. बऱ्या शाळेपेक्षा नामांकित शाळेची फी वर्षाला तीन लाखांनी जास्त धरली, तर बारा वर्षांत ३६ लाख. व्याज धरलेलं नाही, दर वर्षीची फीवाढ धरलेली नाही. बस, सहली, गॅदरिंगचे कपडे, वाढदिवसाची रिटर्न गिफ्टं वेगळी. ज्या घराला हे जड जात नाही त्याने खुशाल भरावेत, शाळा प्रशस्त असते, मैदान असतं, मूल मजेत राहतं. त्यासाठी सीईओच्या फोटोची गरज नाही. पण ज्या घरात या आकड्यासाठी आई-बाप दोघे रात्री नऊला घरी पोचतात, तिथे मी म्हणेन की नडेलांच्या घरात जे होतं तेच तुम्ही विकताय : मुलाशी बोलायला, त्याच्यासोबत वाचायला हाताशी असलेली शिकलेली माणसं. आणि अठराव्या वर्षी, जेव्हा खरोखर पैशाने वाट बदलते, तेव्हा हात रिकामा.

शेजारी कोण बसतं

आता ती शेवटची ओळ. तिचा रोख सगळ्यांना कळतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांना २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात, आणि ‘दर्जा घसरतो’ ही कुजबुज तेव्हापासून थांबलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देऊन टाकली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

दर्जा घसरतो का, याचं उत्तर दिल्लीत मिळालेलं आहे. तिथे २००७ मध्ये सरकारी जमिनीवर उभ्या असलेल्या बड्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखायला लावल्या. काही इयत्तांत अशी मुलं आली, त्यांच्या वरच्या इयत्तांत नव्हती. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दोन्हींतल्या श्रीमंत मुलांची तुलना केली. गणित आणि हिंदीत फरक नाही, इंग्रजीत किंचित घट. एका प्रयोगात बक्षिसाच्या रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितलं. गरीब सोबती असलेल्या वर्गातली मुलं वेगात पळणारा गरीब मुलगा सोडून आपल्यातला हळू पळणारा निवडत नव्हती, किंवा फार कमी वेळा निवडत होती. ज्यांना असे सोबती मिळाले नव्हते, ती बक्षिसावर पाणी सोडून आपल्यातलाच निवडायला जास्त तयार होती.