‘एवढा हिशोब करायचा तर घरीच बसा’: ऐरोलीच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

निवृत्त झाल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. ‘चौघांचा अजिंठा-वेरूळ, चार दिवसांचा खर्च’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सहल वर्षातून एकदा होते, तिथेही पै-पैचा हिशोब मांडला तर आनंद कसला? सत्त्याहत्तर वर्षांच्या आईला फुकटच्या तिकिटावर एसटीतून हिंडवणं शोभत नाही. घरून डबे न्यायचे आणि लॉजवाल्याशी घासाघीस करायची, म्हणजे तिथल्या गरिबाच्या पोटावर पाय. आणि शेवटी, ‘एवढा हिशोब करायचा तर घरीच बसा.’

ते शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी तुमचं जिथे बरोबर आहे ते. ‘लॉजवाल्याला दोन-तीनदा विचारा, भाव खाली येतोच’ असं मी लिहिलं होतं. ते लिहायला नको होतं. आठ-दहा खोल्यांचं लॉज चालवणाऱ्या माणसाकडून दोनशे रुपये सोडवून घ्यायचे, यात कसलं शहाणपण? ते वाक्य मी लेखातून काढून टाकलंय. यूपीआयने पैसे भरले की रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटामागे पाच-दहा रुपये कमी लागतात, हेही तुम्हाला क्षुल्लक वाटलं. आहेच ते क्षुल्लक.

आता हिशोबाबद्दल. २०१६ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पहिल्यांदा तेव्हाच्या औरंगाबादला गेलो. आई, बाबा, आम्ही दोघं आणि पाच वर्षांची लेक. तेव्हा कसलाच हिशोब केला नव्हता. ओळखीतून एक गाडीवाला मिळाला. तो म्हणेल ते भाडं आणि तो नेईल तो मार्ग. शनिवारी ठाण्याहून निघालो. रविवारी वेरूळ आणि दौलताबादचा किल्ला झाला, सोमवारी अजिंठा ठरलं होतं. रविवारी रात्री लॉजवर चहा घेऊन आलेल्या पोराने सहज विचारलं, उद्या कुठं? अजिंठा म्हटल्यावर तो म्हणाला, ‘उद्या सोमवार ना, लेणी बंद.’

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणी कुणाला विचारली नव्हती, आणि गाडीवाल्याने सांगितली नव्हती. मंगळवारी रात्रपाळीला नवऱ्याला महापेला हजर व्हायचं होतं, त्यामुळे मुक्काम वाढवणं शक्य नव्हतं. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. आमच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र चिकटवलं होतं, कुठल्याशा जुन्या कॅलेंडरातून कापलेलं. डिंकाने त्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. शर्ट काढायला कपाट उघडलं की रोज सकाळी ते दिसायचं. त्या सोमवारी आम्ही बीबी का मकबरा पाहून आलो आणि उरलेला दिवस लॉजच्या खोलीत काढला. गाडी दारात उभी होती तरी दिवसाचे साडेतीन हजार द्यावेच लागले. बाबा म्हणाले, ‘जाऊ दे गं, पुढच्या वेळी बघू.’

२०१९ मध्ये बाबा गेले.

तेव्हापासून मी हिशोब करते, काका. तो सगळा हिशोब निघायच्या आधी घरी होतो. एकदा गाडीत बसलं की वही उघडायची नाही, असा आमच्याकडे नियमच आहे. आमच्यासारख्या घरात आरामाची सहल की काटकसरीची, असा प्रश्न कधी नसतोच. जायला जमतंय की नाही, एवढाच असतो.

जानेवारी २०२५ मध्ये गेलो तेव्हा आधी वार धरले आणि मग तारखा. गुरुवारी प्रवास, शुक्रवारी अजिंठा, शनिवारी वेरूळ, रविवारी परत. दोन दिवस शाळेत चिठ्ठी दिली. दिवाळीत ज्या खोलीला अठराशे सांगितले होते, तीच जानेवारीतल्या गुरुवारी बाराशेला मिळाली, आणि त्यासाठी घासाघीस करावी लागली नाही. हंगाम नव्हता, एवढंच.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, आरक्षण उघडेल त्या दिवसाच्या चौकोनात मी ‘सकाळी ८, तपोवन’ असं लिहून ठेवते; तपोवन ही आमची गाडी. आईला आणि लेकीला एसी चेअर कार, आम्हा दोघांना सेकंड सीटिंग. नवऱ्याची रजा कधीच आधी पक्की होत नाही, तरी तिकीट काढून ठेवतो. मागे एकदा रजा नाकारली गेली तेव्हा सेकंड सीटिंगचे माणशी ६० रुपये कापले गेले, बाकीचे परत आले. तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर एक रुपयाही हाती येत नाही. ‘बघू, ऐनवेळी काढू’ म्हणणाऱ्या घरांना हाच फटका बसतो, आणि ही घरं बहुतेक आमच्यासारखीच असतात.

आता एसटी. आईला बंद एसी मोटारीत मळमळतं, कसारा घाट यायच्या आधीच तिचा चेहरा उतरतो. एसटीत पुढच्या बाकावर खिडकीशी बसली की तीन तास बडबडत बसते. हे लेखात लिहायचं राहिलं, त्यामुळे मी तिला पैशांसाठी एसटीत कोंबलं असं तुम्हाला वाटलं. छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून अजिंठ्यावरून जाणारी जळगावची गाडी सुटायच्या आधीच जाऊन बसलो होतो, कुणालाही उभं राहावं लागलं नाही.

पैशांचं म्हणाल तर पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आईचं शून्य, माझं नि लेकीचं अर्धं-अर्धं, नवऱ्याचं पूर्ण. चौघांत मिळून दोन तिकिटं. त्याला तुम्ही ‘फुकटचा प्रवास’ म्हणालात. सवलतीचे पैसे राज्य सरकार एसटी महामंडळाला भरून देतं, म्हणजे आपल्याच करातून. रेल्वेत ५८ वर्षांवरच्या बायकांना निम्मं भाडं पडायचं, ती सवलत मार्च २०२० मध्ये थांबली तेव्हा आई महिनाभर हळहळत होती. एसटीत कंडक्टरने आधार कार्ड पाहून शून्य रुपयाचं तिकीट हातात दिलं, ते तिने घडी घालून पाकिटात ठेवलंय. त्यात तिला कमीपणा वाटला नाही. मग आपण तरी का वाटून घ्यावा?

मात्र परतीच्या प्रवासापुरतं तुमचं म्हणणं रास्त होतं. अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या फाट्यावर एसटीसाठी पाऊण तास थांबावं लागलं, आणि आलेली गाडी भरलेली होती. शेजारच्या दुकानदाराने आईला बसायला खुर्ची दिली म्हणून निभावलं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर जाताना एसटी आणि येताना भाड्याची गाडी, असं मी आता सुचवेन. लेखात तशी भर घालते.

डब्यांचं सांगते. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, एवढं पहिल्या दिवसापुरतं असतं. आईला मधुमेह आहे, गोळीनंतर अर्ध्या तासात तिच्या पोटात काहीतरी जावं लागतं, आणि गाडीत खायला काय नि कधी मिळेल याचा भरवसा नसतो. पुढचे तीन दिवस आम्ही तिथलंच जेवलो. लॉजमागच्या खानावळीत मावशी समोर ज्वारीची भाकरी थापून द्यायच्या, आईने तिथे पिठलं मागून घेऊन खाल्लं. नवऱ्याने आणि लेकीने जुन्या शहरात जाऊन नान-खलिया खाल्ला, आणि लेक अजून त्याचं नाव काढते. कुणाच्या पोटावर पाय ठेवला असं मला वाटत नाही.

आणि वाचवलेले पैसे गेले कुठे? फाट्यावरून लेण्यांपर्यंत एसटीचीच गाडी नेते, पण तिथून वर पायऱ्या आहेत. आईसाठी डोली केली. चार माणसं खांद्यावर तिला वर नेत होती आणि ती सारखी ‘हळू रे बाबांनो, दमाल’ म्हणत होती. त्यांनी जे सांगितले ते दिले, वर चहाचे वेगळे. तिकीट माणशी ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही, म्हणजे लेकीचं तेही लागलं नाही. पण अधिकृत गाइड केला, तिघांच्या तिकिटांच्या कितीतरी पट पैसे देऊन. मला विचाराल तर चार दिवसांतला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च तो.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात चपला काढून आत गेलो. आत उजेड अगदी कमी, फ्लॅश चालत नाही. डोळे सरावायला मिनिटभर लागलं. गर्भगृहाच्या डाव्या अंगाला पद्मपाणी आहे, हातात निळं कमळ, नजर खाली. गाइड रंगांबद्दल सांगत होता. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. ‘हाच ना?’ एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. गाइड पुढच्या भिंतीकडे वळला तरी ती तिथेच उभी होती, आणि त्या भल्या माणसाने तिला घाई केली नाही.

२०१६ मध्ये कुणीतरी वारांचा एवढा हिशोब केला असता तर तिथे बाबा उभे असते. म्हणून ‘घरीच बसा’ हे मला लागलं, काका. आम्ही घरी बसू नये म्हणूनच तर मी ही वही मांडते.

तुम्ही डिसेंबरात काकूंना घेऊन वेरूळला जायचं म्हणताय. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर खुशाल गाडीनेच जा, तुमचं बरोबर असेल. फक्त मंगळवार धरू नका, आणि नाताळचा आठवडा सोडून आदल्या आठवड्यात जा, म्हणजे खोली निवांत मिळेल. सोळा नंबरचं कैलास लेणं सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, शाळांच्या सहली यायच्या आत. घृष्णेश्वर तिथून जवळच आहे, ते दुपारी केलं तरी चालतं. अजिंठाही करणार असाल तर काकूंच्या गुडघ्यांचं सांगा. डोली कुठे ठरवायची, ते मी कळवते.