पणजोबा समईखाली पुस्तक वाचत बसायचे?

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मजकूर तीन वेळा आला. पाठवणारे तिघे वेगळे, मजकूर तोच: ‘दीडशे वर्षांपूर्वी प्रत्येक मराठी घरात ग्रंथ असत. रात्री जेवणं आटोपली की सगळे समईच्या उजेडात शांतपणे आपापलं पुस्तक वाचत. हाती घेतलेला ग्रंथ संपवल्याशिवाय खाली ठेवत नसत. मोबाइल आला आणि वाचन मेलं.’ सोबत चित्र. पगडीवाले आजोबा, नऊवारीतल्या आजी, दोघांच्या हातात जाडजूड बांधणीची पुस्तकं, मागे भिंतभर कपाट.

चित्र गोड आहे. पण त्यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

‘प्रत्येक घरात ग्रंथ’ इथूनच सुरुवात करू. १९०१ च्या जनगणनेत देशात लिहिता-वाचता येणारे शंभरात जेमतेम पाच होते. पुरुषांत शंभरी दहाच्या आत, बायकांत शंभरात एकही पुरा नाही. म्हणजे चित्रातल्या आजींच्या हातातलं पुस्तक आधी काढून घ्यायला हवं. महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकाच्या घरात रमाबाई शिकू लागल्या, तर घरातल्याच बायकांनी त्यांना किती छळलं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. बाकीच्या घरांचा विचारच नको.

आणि छापील पुस्तक तरी सुखासुखी घरात शिरलं का? शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापलेल्या कागदाला शिवत नसत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढलं, तेव्हा शाईत तूप घातल्याचं लोकांना सांगावं लागलं. त्या पंचांगाचं तरी घरोघरी वाचन होई का? गुढीपाडव्याला जोशी यायचे, वर्षफळ वाचून दाखवायचे, दक्षिणा घेऊन जायचे.

ज्यांना वाचता येत होतं त्यांचंही रोजचं वाचन ग्रंथांचं नव्हतं. दुकानदार, कुलकर्णी, कारकून यांच्या डोळ्यांखालून दिवसभर जायचे ते मोडीतले हिशेब, खतं, पत्रं. पोटापाण्याचं वाचन. त्याचं चित्र कुणी काढत नाही.

आता ‘शांतपणे, आपापलं’. सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. वाचणे या शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘वच्’ आहे, म्हणजे बोलणे. वाचायचं ते तोंडानं. म्हणून तर आजही पोराला ‘मनातल्या मनात वाच’ असं मुद्दाम सांगावं लागतं. चातुर्मासात देवळात पोथी लागायची, पुराणिक वाचायचे, अर्थ सांगायचे आणि गाव ऐकायचं. लोक पोथी ‘ऐकायला’ जात. वर्तमानपत्राचंही तेच. ‘केसरी’चा एक अंक आला की चावडीवर एक जण मोठ्यानं वाचणार, बाकीचे मान डोलावणार, मधेच कुणी हटकणार, वाद घालणार. खपाचा आकडा आणि वाचकांचा आकडा यांचा मेळच बसत नसे.

आमच्या ठाण्याचाच दाखला घ्या. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. छापून येण्याआधीच त्यातला मजकूर त्यांनी ठाणे, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. सयाजीराव गायकवाडांनीही तो त्यांच्याकडून वाचवून घेऊन ऐकला. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिलं त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, आणि तरी पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलं. हे त्या चित्रात कसं दाखवणार?

समईचं थोडक्यात. तिच्या उजेडात देवाचा चेहरा दिसतो, बारीक टाइप नाही. रॉकेलची चिमणी आणि कंदील सर्रास झाले ते एकोणिसावं शतक सरत आल्यावर. त्याआधी तेल घालून रात्री पुस्तक वाचणं म्हणजे चैन. पोथी दुपारची, ओसरीवर.

‘संपवल्याशिवाय खाली ठेवत नसत’ या वाक्यावर मी हसलो, कारण आमच्या घरी पुरावा आहे. पणजीचं शिवलीलामृत लाल फडक्यात बांधून ठेवलंय. श्रीधरांनी ते १७१८ साली रचलं, आमची प्रत अर्थातच खूप नंतरची छापील. सुट्या पानांची. फडकं सोडलं की कळतं, अकराव्या अध्यायाची पानं कोपऱ्यात काळपट आणि मऊ पडलीयेत, एका पानावर हळदीचं बोट उमटलंय, दुसऱ्यावर तेलाचा डाग आरपार गेलाय. बाकीचे अध्याय कोरे करकरीत. सोमवारी अकरावा अध्याय, बस्स. तोही पणजी वाचत नसे, तिला वाचता येत नव्हतं. शेजारचा शाळकरी पोरगा वाचायचा, ती वाती वळत ऐकायची आणि तो चुकला की न बघता सुधारायची. पारायणं करणारे होतेच, नाही कोण म्हणतंय? पण तेच ते पुन्हा पुन्हा वाचणं हा तेव्हाचा रिवाज होता, नवं पुस्तक फडशा पाडून संपवणं हा नव्हे.

राहिला मोबाइल. जे घरोघर नव्हतंच ते त्यानं मारलं कसं? घरोघर कपाटं भरलेली असती तर १८९३ साली वि. ल. भावे आणि मंडळींना ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय काढायची गरज काय होती? १९५१ च्या जनगणनेतही साक्षर शंभरात अठराच. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी लेकीचा निरोप फोनवर स्वतः वाचतात, ओठ हलवत. त्यांच्या आजीला अंगठ्यापलीकडे काही येत नव्हतं. आता लोक लांबलचक पुस्तकं कमी वाचतात अशी तक्रार असेल तर ती जरूर करावी, मीही करतो. सहा महिने एक कादंबरी माझ्या उशाशी पडून आहे. पण त्यासाठी पणजोबांना खोटी साक्ष द्यायला उभं करू नये.

हे सगळं टाइप करून मी ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांनी चौथ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर आलं: ‘फार मोठं आहे, चष्मा सापडत नाहीये. वाचून पाठव ना.’

व्हॉइस नोट पाठवली. सात मिनिटांची झाली. मागून काकूही ऐकत होत्या म्हणे.