जेमतेम २० किलोमीटर

"जेमतेम २० किलोमीटर तर आहे!" असं म्हणणाऱ्याने हा रस्ता फक्त नकाशात पाहिलेला असतो.

शहरातून आजूबाजूच्या गावांकडे जाणारा हा महामार्ग. त्यातलं 'महा' कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. एक लेन जायची, एक यायची. ताशी ६०ने गेलं तर २० मिनिटं. गणित अगदी बरोबर आहे, फक्त त्यात ट्रॅक्टर धरलेला नाही.

तो रोज माझ्यापुढे असतो. मी घरातून निघाल्याची खबर त्याला कोण देतं कोण जाणे! ट्रॉलीत गवताचा डोंगर, वेग ताशी २०. म्हणजे उरलंसुरलं आयुष्य गवताकडे बघत काढायचं. मध्येच त्याचा इंडिकेटर लुकलुकतो. याचा अर्थ 'जा पुढे' किंवा 'मी वळतोय, मरायचं असेल तर ये'. तेवढ्यात एक हात बाहेर येतो. तो 'या' म्हणतो, 'थांबा' म्हणतो की नुसताच वारा खातो, हे आजवर कळलेलं नाही.

एवढ्या सवडीत माणूस खड्ड्यांचा अभ्यासक होतो. डांबराला तडा जातो, त्यातून पाणी मुरतं, खालचा थर मऊ पडतो आणि वरून चाकं जाऊन जाऊन डांबर खचतं. रस्ता मधोमध जरा उंच ठेवा, पाणी कडेला जाऊ द्या, हे मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश रस्ते-अभियंत्याने २०० वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. आमचा रस्ता मधोमध खोल आहे. पाणी मुक्कामालाच येतं. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात चाचण्या झाल्या, त्यांतून निघालं की ॲक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या आसावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण १६ पट होते. त्या हिशेबाने माझ्या चिमुकल्या गाडीने रस्त्याचं काहीच बिघडवलेलं नाही. रस्त्याने माझ्या कमरेचं काय केलं, याची चाचणी अजून कोणी घेतलेली नाही.

काल चौदाव्या किलोमीटरला समोरून रस्ता मोकळा दिसला. देवाचं नाव घेतलं, ॲक्सिलरेटर दाबला आणि ट्रॅक्टर मागे टाकला! आरशात तो लहान लहान होत गेला. मी शीळ घालायला तोंडाचा चंबू केला आणि धाडकन... टायर.

उन्हात घामाघूम होऊन स्टेपनी बसवत होतो, तेव्हा मागून ओळखीची धडधड ऐकू आली. गवताचा डोंगर शांतपणे शेजारून गेला. हात बाहेर आला. या वेळी मात्र अर्थ चटकन कळला.

टाटा!