शाल राहू दे, सरांचं वाक्य त्यांना ऐकवा

दिवाळी महिन्यावर आली की दहावीच्या बॅचचे ग्रुप जागे होतात. कुणीतरी पिवळा पडलेला वर्गाचा फोटो टाकतं, ‘दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा कोण?’ यावर दोन दिवस जातात, आणि मग ठरतं, यंदा स्नेहमेळावा करायचाच. पुढचं सगळं पत्रिका न वाचता सांगता येतं. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल, श्रीफळ, ‘सरांनी आम्हाला घडवलं’, जेवण, ग्रुप फोटो. संध्याकाळी सर घरी जातात आणि कपाटात आणखी एक शाल ठेवतात. त्यांच्या तासाच्या ज्या गमती टपरीवर इतकी वर्षं रंगवून सांगितल्या जातात, त्यातली एकही त्यांच्या कानावर पडलेली नसते.

हे मला पटत नाही. गुरुजनांना सत्कार सगळीकडे मिळतो. आपण वर्गात नेमकं काय बोलायचो, मुलं कशावर फिदीफिदी हसायची, हे मात्र त्यांना फक्त त्या वर्गातलीच पोरं सांगू शकतात. आणि वेळ फार नाही. जुनी अकरावी जाऊन दहावीची पहिली बॅच १९७५ साली बाहेर पडली. त्या बॅचची मुलंच आता पासष्टीच्या पुढे आहेत. १९९० च्या बॅचला शिकवताना चाळिशीत असलेले सर आज पंचाहत्तरी ओलांडून गेलेत.

आधी वेळ कुठे जातो ते बघा. १२ शिक्षक आले, प्रत्येकाला शाल-श्रीफळ-पुष्पगुच्छ-स्मृतिचिन्ह आणि फोटोसाठी थांबणं, म्हणजे माणशी ३ मिनिटं, एकूण ३६. मग ५० माजी विद्यार्थ्यांची ओळख, ‘थोडक्यात’ म्हटलं तरी २ मिनिटं, म्हणजे १०० मिनिटं. त्यात कोण कुठल्या कंपनीत आणि कुणाचा मुलगा कुठे, एवढंच. नंतर प्रत्येक शिक्षकाचं १० मिनिटांचं मनोगत, म्हणजे दोन तास. सव्वाचार तास झाले आणि आठवण एकही नाही. त्यापेक्षा सत्कार सगळ्यांचा एकदम, त्यांच्या जागेवर जाऊन, १० मिनिटांत उरका. सगळ्यांच्या ओळखीचा कागद छापून खुर्चीवर ठेवा. उरलेल्या वेळात निवडक ८-१० आठवणी, प्रत्येकी ३ मिनिटं. ज्या सरांची आठवण, त्यांना लगेच बसल्या जागी कॉर्डलेस माइक. शेवटी ठेवलेल्या मनोगतात शिक्षक उपदेश करतात. ताज्या आठवणीवर बोलायला सांगितलं की ते खुलतात, ‘अरे, पण त्या दिवशी खरं काय झालं होतं माहितीये का?’ असं सुरू होतं, आणि ऐकायचं असतं ते हेच.

आता या आठवणी गोळा कशा करायच्या. ग्रुपवर ‘सरांबद्दल दोन शब्द लिहा’ असं टाकलं की शिस्तप्रिय, मनमिळाऊ, प्रेमळ पण कडक, असलीच उत्तरं येतात. निबंधाच्या वहीतली विशेषणं. चूक लिहिणाऱ्यांची नाही, प्रश्नच तसा आहे. प्रश्न बारीक विचारा. सर वर्गात शिरल्यावर पहिली गोष्ट काय करायचे? खुर्ची झटकायचे की फळा पुसायला मुलगा उठवायचे? डस्टर कुणाच्या दिशेने यायचं, आणि नेम लागायचा का? रागाचा ठरलेला शब्द कोणता, गाढव, बैल, शुंभ, का नुसतं ‘शहाणे आहात’? भूमितीच्या बाई कंपास न घेता फळ्यावर वर्तुळ काढायच्या का? ऑफ तासाला आलेले सर काय सांगायचे? निकालाच्या दिवशी सरांचा चेहरा कसा असायचा? एका माणसाला दोनच शिक्षक द्या, प्रत्येकावर पाच-सहा ओळी. लिहायचा कंटाळा असणाऱ्यांकडून दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज घ्या आणि दुसऱ्या कुणीतरी तो उतरवून काढा. बोलीतली लय राहू द्या, त्याला छापील मराठीचा कोट चढवू नका.

हमखास चुकतं ते माणसं निवडताना. पहिल्या पाच नंबरांतली मुलं लिहून देतात, कारण सवय असते. पण ती तर फळ्याकडे बघत होती! सरांचं निरीक्षण करायला वेळ होता तो शेवटच्या बाकावर. वर्गाबाहेर उभं राहणाऱ्याला शेजारच्या वर्गातला तासही ऐकू यायचा, म्हणजे त्याच्याकडे दुप्पट माल. मुलींकडच्या आठवणी वेगळ्या असतात, कारण बाई त्यांच्याशी वेगळं बोलायच्या. तुकड्यांचंही तसंच. ‘अ’ तुकडीला जे सर करडे वाटले, तेच ‘ड’ तुकडीत गाणी म्हणायचे, असं निघतं. म्हणून प्रत्येक तुकडीतून किमान चार जण धरा, त्यात दोघं तरी मागच्या बाकाचे.

नावांचा घोळ टाळा. आपल्याकडे एका शाळेत तीन पाटील आणि दोन कुलकर्णी सर सहज असतात, म्हणून तर सगळी शाळा त्यांना आद्याक्षरांनी ओळखते. आठवणीवर आद्याक्षरं, विषय आणि इयत्ता लिहून घ्याच. नाहीतर भूगोलाच्या पाटलांची फजिती गणिताच्या पाटलांच्या नावावर जमा होते, आणि दोघंही समोर बसलेले असतात.

दुसरी गाळणी फिरत्या विनोदांची लावा. ‘बोथ ऑफ यू थ्री, गेट आउट’, ‘ओपन द विंडो, लेट द एअरफोर्स कम इन’, ‘प्रिन्सिपल इज रिव्हॉल्व्हिंग इन द कॉरिडॉर’. महाराष्ट्रातल्या निम्म्या शाळांत हे आपल्याच पीटीच्या सरांनी म्हटलं होतं, अशी शपथेवर खात्री असते. सगळ्या पीटीच्या सरांनी एकच वाक्य कसं म्हटलं असेल? हे व्हॉट्सॲपच्या आधीपासून गावोगाव फिरणारे चुटके आहेत. ज्या माणसाने उन्हात उभं राहून खो-खोचा संघ जिल्ह्यापर्यंत नेला, त्याच्या नावावर इंग्रजीचा एक शिळा विनोद चिकटवायचा, हा अन्याय आहे. सोपी कसोटी: सांगणाऱ्याला विचारा, तेव्हा तू कुठे बसला होतास, कुठला तास होता, शेजारी कोण होतं? खरी आठवण असेल तर तो खिडकीसुद्धा सांगतो. ऐकीव असेल तर ‘आपल्याच वर्गात झालं होतं रे’ यापुढे गाडी जात नाही.

टोपणनावांबद्दल माझं मत जरा कडक आहे. शिक्षकांना आपली टोपणनावं माहीत असतात, बहुतेकांना कुणी ठेवलं तेही. पण माहीत असणं वेगळं आणि बायको, सून, नातू पहिल्या रांगेत असताना माइकवरून ऐकणं वेगळं. लकबीवरून किंवा विषयावरून पडलेलं नाव चालतं. ‘म्हणजेच’ शंभरदा म्हणणाऱ्या सरांना ‘म्हणजेच सर’ म्हटलं तर तेही हसतील. रंग, उंची, चालणं, दात, जात यांवरून पडलेलं नाव पन्नास वर्षांनीही बोचतंच. नकलेलाही तोच नियम. खडू बोटांत फिरवण्याची, चष्म्यावरून बघण्याची, ‘कळलं?’ म्हणण्याची नक्कल करा. तोतरेपणाची, लंगडण्याची नको. वर्गातल्या नकलाकाराने आधी एकदा आयोजकांसमोर करून दाखवावी आणि तीन मिनिटांत थांबावं. टाळ्या पडल्या की नकलाकार थांबत नाही, ही जुनी अडचण आहे.

आणि छडी. प्रत्येक मेळाव्यात कुणीतरी उठून म्हणतं, सरांच्या माराने आम्ही घडलो. हशा होतो. अंगठे धरणं, कोंबडा होणं, बाकावर उभं राहणं यातली काही दृश्यं आज खरंच गमतीची वाटतात, ती सांगा. पण ज्याला रोज मार पडायचा आणि त्यापायी ज्याने आठवीत शाळा सोडली, तो दहावीच्या ग्रुपवर नसतोच, मग हसणार कोण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घातली, १ एप्रिल २०१० पासून ती लागू आहे. पुष्कळ निवृत्त शिक्षकांना स्वतःलाच आपल्या काही फटक्यांची रुखरुख असते. समोर बसवून त्याचे गोडवे गायले की ते अवघडतात. मार ज्याने खाल्ला त्यानेच सांगावा, दुसऱ्याच्या पाठीवरच्या वळांवर हशे घेऊ नयेत.

सगळ्यात रंगतो तो हजेरीचा तास. शिपाईमामा हयात असतील तर घंटा त्यांच्याच हातून. त्यांना निमंत्रण द्यायचं राहून जातं, खरं तर उशिरा येणाऱ्यांची सगळी यादी त्यांच्या डोक्यात असते. मग वर्गशिक्षक जुनी यादी घेऊन नावं पुकारतात, ६० नावांना ८-१० मिनिटं लागतात. ‘हजर सर’ म्हणताना पन्नाशीतल्या माणसांचे आवाज कसे बदलतात ते ऐकण्यासारखं असतं. यादी मिळवायला शाळेच्या क्लार्ककडे महिनाभर आधी जा. जनरल रजिस्टर शाळा कायम जपते, पण ते प्रवेशाच्या क्रमाने असतं, तुकडीप्रमाणे नाही. त्यापेक्षा त्या वर्षीच्या बोर्डाच्या निकालाची यादी सापडते का बघा. आणि या यादीत एक काम विसरू नका. जे वारले त्यांची नावं आधी शोधून वेगळी काढा, श्रद्धांजली सुरुवातीलाच वाहा. सरांनी नाव पुकारलं, उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पुकारलं, हे टाळायलाच हवं. मुलींची नावं माहेरच्या आडनावाने पुकारा आणि छातीवरच्या बिल्ल्यावरही तीच मोठ्या अक्षरात लिहा. सासरचं नाव लावून आलेली विद्यार्थिनी बाईंना ओळखू येत नाही आणि दोघीही खट्टू होतात.

यावरून आठवलं. ‘सर, मी कोण, सांगा बघू?’ हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही, अशी सूचना ग्रुपवर आधीच टाका. वर्षाला तीन तुकड्या, तुकडीत ६० मुलं, ३५ वर्षांची नोकरी: ६३०० चेहरे होतात, आणि त्या चेहऱ्यांना तेव्हा मिश्याही नव्हत्या. आपणच नाव, वर्ष, तुकडी सांगायची, जमलं तर थोरल्या भावाचं नावही. भावंडांवरून घराणं पटकन लागतं.

बाकीची व्यवस्था पटकन सांगतो. तारीख भाऊबीजेनंतरची, कारण तेव्हा शाळा रिकामी असते आणि पुण्या-मुंबईची मंडळी गावी असतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज. आमंत्रण दोघांनी घरी जाऊन द्यावं आणि आठवडाभर आधी मुलाला किंवा सुनेला फोन करून तब्येत विचारावी. कार्यक्रम तळमजल्यावर, हात असलेल्या खुर्च्या, जवळ स्वच्छतागृह. मधुमेह असणाऱ्यांसाठी जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला. कानाचं यंत्र लावणाऱ्यांना घुमणारा स्पीकर म्हणजे छळ, तेव्हा आवाज कमी आणि स्पीकर त्यांच्यापासून दूर.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन बोलणं रेकॉर्ड करा. मोबाईल आडवा, पंखा बंद, शर्टाला लावायचा छोटा माइक, पाऊण तासाच्या आत आटपा. त्यांना विचारायचं ते असं: पहिला पगार किती? फळ्यावर चूक झाल्याचं कधी लक्षात आलं आणि मग काय केलंत? आणि स्टाफरूममध्ये तुम्ही आम्हाला कोणती टोपणनावं ठेवली होती? शेवटच्या प्रश्नावर बहुतेकजण आधी नाही म्हणतात. चहा येईपर्यंत थांबा.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. ते थोर होते हे तर सगळेच सांगतात. पण वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत, हे कळलं की माणूस समोर उभा राहतो. आठवणींच्या पुस्तिकेत असे तपशील हवेत.

पुस्तिका मोठी नको. ३० जणांच्या अर्ध्या पानाच्या आठवणी म्हणजे १५ पानं, त्यात फोटो, यादी आणि मुखपृष्ठ धरून २४. मध्ये पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीतच लागतात. शिक्षकांच्या प्रती वेगळ्या काढा, ए-फोर आकार, १६ ते १८ पॉइंटचं अक्षर. मजकूर द्यायची शेवटची तारीख खऱ्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची सांगा. डीटीपीवाला श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये काम करत असेल तर तुमचा मोबाईलवरचा युनिकोड मजकूर बदलून घ्यावा लागतो, आणि तिथे घात होतो. ‘ऱ्ह’ फुटतो, ‘ॲ’ गायब होतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. प्रूफ दोघांनी, दोनदा, कागदावर वाचा. स्क्रीनवर डोळा फसतो. तरीही चार-दोन चुका राहतीलच. म्हणून मराठीच्या बाईंना त्यांची प्रत देताना सोबत एक लाल पेनही द्या, त्या तशाही मागणारच आहेत.