मांजरिकूची कुंडी

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आठवडाभर एकच भांडण चाललंय. शाळेत परदेशी भाषा शिकवायची तर आधी स्मार्ट बोर्ड द्या, असं एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो, आधी मराठी-कोकणीचं काय ते मिटवा. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने जे मिटलं नाही ते गटावर मिटणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण सकाळच्या चहाबरोबर ते लागतंच. मी लिस्बनमध्ये बसून वाचते आणि संध्याकाळी वही घेऊन पोर्तुगीजच्या वर्गाला जाते.

मी गोव्यातल्या माशेलची. हायस्कुलात फ्रेंच घेतलं होतं, अर्थात मार्कांसाठी. आयफेल टॉवरवरच्या दहा ओळी आजही झोपेत म्हणून दाखवीन. पाणी मागायला सांगितलं असतं तर मात्र ततपप झालं असतं.

इथे येण्याआधी फोनवरच्या एका अ‍ॅपवर चार महिने पोर्तुगीज घोकलं. पहिल्याच आठवड्यात स्टॉपवर एका आजीला 'ओनिबुस'ची चौकशी केली. ती हसून म्हणाली, "आउतोकार्रु, आउतोकार्रु." अ‍ॅपने मला ब्राझीलची भाषा शिकवली होती. शिवाय इथली माणसं स्वर गिळतात. माफ करा म्हणायला लिहितात 'देस्कुल्पे', आणि कानावर पडतं जेमतेम 'श्कुल्प'.

वर्गातल्या टीचरने यावर साधा उपाय काढला. बाजारात जा, मासेवालीला भाव विचारा आणि तिच्या परवानगीने तेवढं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून आणा. मी तारल्यांचा भाव आणला, शेजारच्या नेपाळी मुलाने बांगड्यांचा. मग वर्गात तेच बोलणं सावकाश वेगाने पुन्हा पुन्हा ऐकायचं, कुठला स्वर कुठे गळाला ते शोधत. एवढंच आमचं तंत्रज्ञान.

जूनमध्ये सांतु आंतोनियुचा सण आला. १२ तारखेच्या रात्री गल्लोगल्ली तारले भाजतात आणि मांजरिकूच्या कुंड्या विकतात. मांजरिकू म्हणजे बारीक पानांची, तुळशीच्याच कुळातली. तिला नाक लावून वास घ्यायचा नाही, पानांवरून हात फिरवून हात हुंगायचा. कुंडीत कागदाचं फूल आणि चार ओळींचं कवन खोचलेलं असतं. टीचरने आम्हालाही कवन करायला बसवलं. मला यमक सुचेना, तेव्हा मी फुगडीचा ठेका धरला आणि जमलं. त्याच दिवशी फळ्यावर आमच्याकडचे शब्द लिहिले: पाव, बटाटा, साबण, चावी, पगार. पगारपाशी टीचर थबकली. पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणं. आम्ही त्याचं घेणं करून टाकलं!

पण संस्कृतीतून भाषा शिकवायची म्हटलं की मला आजोबाही आठवतात. ते 'सेगुंद ग्राव' म्हणजे पोर्तुगीज अमलातली प्राथमिक शाळेची परीक्षा पास होते. पोर्तुगालच्या नद्या त्यांना ओळीने पाठ. त्यांतली एकही त्यांनी पाहिली नाही, आणि दारापुढच्या मांडवीबद्दल त्या पुस्तकाने त्यांना कधी विचारलं नाही. सणवार पुस्तकात घातले की काम झालं असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही. कुणाचे सणवार? माझ्या फळ्यावरच्या शब्दांनाही जागा होती म्हणून मी त्या वर्गात बोलायला लागले. फोंड्याच्या शाळेत फ्रेंच शिकणाऱ्या पोराला आयफेल टॉवर राहू दे, गणेश चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला कुठली कुठली फळं बांधतात ते फ्रेंचमध्ये सांगायला लावा. कवंडळाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात हे टीचरलाही शोधावं लागेल, आणि तिथे तो स्मार्ट बोर्ड खरंच कामाला येईल.

आम्ही मराठी तरी कशी शिकलो? घरी बोलायचो कोकणी. मराठी आली ती चवथीच्या आरतीतून, देवळातल्या भजनातून, जत्रेच्या रात्री डोळे चोळत पाहिलेल्या नाटकांतून. पोर्तुगीज अमलात तर गावकऱ्यांनी पदरमोड करून मराठी शाळा चालवल्या. घुमट या वाद्याच्या तालावर आरती म्हणताना शब्द चुकला की मागून काकांचा आवाज यायचा. राजभाषेवर तावातावाने लिहिणाऱ्या गटातल्या किती जणांची मुलं आज चवथीला आरती मोबाइलमध्ये न बघता म्हणतात, हे मी एकदा विचारलं होतं. निळ्या खुणा सगळ्यांच्या पडल्या, उत्तर एकाचंही आलं नाही.

कवनाचा कागद अजून कुंडीत आहे. तिसऱ्या ओळीत एक क्रियापद चुकलंय. टीचरने खाली लाल रेघ ओढली आणि कडेला लिहिलं, ठेका सुंदर.