साडेचारशे रुपये किलोच्या कुरोड्या: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार,

आर्वी तालुक्यातील एका गावात कुरोड्या, म्हणजे गव्हाच्या कुरडया, करून विकणाऱ्या मावशींवर मी लिहिलेल्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे असे मला वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, दुकानात 220 रुपये किलोने मिळणाऱ्या वस्तूचे 450 रुपये घेणे ही लूट आहे. जे काम आपल्या आई-आजीने दर उन्हाळ्यात काही गाजावाजा न करता केले, त्याला ‘साधना’ म्हणणे हे बायकांच्या कष्टांचे उदात्तीकरण आहे. गच्चीवर धुळीत वाळलेल्या पदार्थाच्या स्वच्छतेची हमी कोणी देत नाही. आणि हे सारे काम यंत्रावर सहज होण्यासारखे आहे. यांपैकी एका मुद्द्यावर आपले बरोबर आहे आणि तेथे मी माझी चूक मान्य करणार आहे. किमतीच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी मुळीच सहमत नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

मावशी एका वेळी 10 किलो गहू भिजवतात. पहिल्या लेखात मी हिशेब दिला नव्हता. तो आता त्यांच्या परवानगीने देते. गव्हाचे 360 रुपये, दळणाच्या विजेचे 40, सरपणाचे 100, मीठ, पिशव्या आणि छापील चिठ्ठ्या मिळून 80, आणि पहाटे चारपासून दहापर्यंत हाताखाली येणाऱ्या दोन बायांचे प्रत्येकी 175 प्रमाणे 350, असा एकूण 930 रुपये खर्च होतो. या 10 किलो गव्हातून वाळलेल्या कुरोड्या निघतात साडेचार किलो. बाकीचा गहू कोंडा आणि चोथा होऊन गोठ्यात जातो, हे दुकानातल्या भावाशी तुलना करताना आपल्या लक्षात राहत नाही. साडेचार किलोंपैकी अर्धा किलो काढता-भरताना तुटतो आणि चुरा म्हणून 200 रुपये किलोने जातो. उरलेल्या चार किलोंचे 1,800 आणि चुऱ्याचे 100, असे 1,900 रुपये हाती येतात. खर्च वजा जाता मावशींसाठी 970 रुपये उरतात आणि त्यासाठी त्यांचे स्वतःचे साधारण 20 तास जातात.

म्हणजे आठ तासांच्या दिवसाला 388 रुपये पडतात. महाराष्ट्रात 2025-26 साठी रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 312 रुपये होता, तेव्हा 76 रुपये वरचढ मिळतात असे कोणी म्हणेल. पण गेल्या हंगामात मावशींचा दर सहातला एक घाणा, म्हणजे एका वेळी भिजवलेला सगळा गहू, वाया गेला. कधी गहू जास्त आंबला, तर कधी ओल्या कुरोड्यांवर अवकाळीचा पाऊस पडला. पाच घाण्यांच्या 4,850 रुपयांतून सहाव्याचे बुडालेले 930 वजा केले आणि सहाही घाण्यांचे 120 तास धरले, तर दिवसाची कमाई 261 रुपयांवर येते. आपण सुचवलेल्या 220 रुपयांच्या भावाने त्यांनी माल विकला, तर चांगल्या कुरोड्यांचे 880 रुपये येतील आणि चुरा विकूनही हाती 50 रुपये उरतील. ज्या व्यवहारात विकणारीला रोजगार हमीवरील मजुरापेक्षा कमी पैसे सुटतात, त्याला लूट हा शब्द लावणे मला अन्यायाचे वाटते.

आता ते 20 तास कशात जातात हे सांगते, कारण ‘गहू भिजवायचा, दळायचा, सोऱ्यातून काढायचा’ एवढ्या एका वाक्यात आपण ते काम बसवले आहे. गहू तीन दिवस भिजतो आणि रोज सकाळी त्याचे पाणी बदलावे लागते. या काळात तो हळूहळू आंबतो, त्यातला चिवट, रबरासारखा ताणला जाणारा भाग सैल पडतो आणि मग पांढरे सत्त्व त्यापासून सुटून येते. तीन दिवस हे झाले सांगायचे माप. फाल्गुनातल्या तीन दिवसांत जेवढे आंबते, तेवढे वैशाखात अडीच दिवसांतच आंबते, आणि अर्धा दिवस जास्त झाला तर कुरोडी तांबूस पडते आणि आंबट लागते. मी मावशींना किती तास धरायचे असे विचारले, तेव्हा त्यांनी पातेल्यात हात घालून एक दाणा माझ्या बोटांत दिला आणि म्हणाल्या, “घड्यायाले काय इचारता बाई, दान्याले इचारा.” दाणा चिमटीत दाबताच साल वेगळी झाली आणि दुधासारखा पांढरा थेंब अंगठ्यावर आला. तो थेंब दाट हवा आणि त्याबरोबर गुठळी यायला नको. मी दाबलेल्या पाच दाण्यांपैकी दोनांत गुठळी होती, म्हणून दळण त्या दिवशी दुपारी न करता संध्याकाळवर गेले.

दळल्यानंतर ते कापडातून दोनदा गाळून रात्रभर निवळत ठेवतात. सकाळी वर पिवळसर पाणी येते आणि तळाशी चीक, म्हणजे गव्हाचे ते पांढरे सत्त्व, बसतो. हे पाणी सावकाश, एका धारेने ओतायचे असते, कारण घाईत ढवळले गेले की चीक मळकट होतो. पाणी थोडे राहू दिले तरी कुरोडीचा पांढरेपणा जातो.

खरी परीक्षा शिजवताना होते. जितका चीक तितकेच पाणी चुलीवर उकळत ठेवतात, त्यात मीठ घालतात, आणि एक बाई बारीक धारेने चीक सोडत असताना दुसरी लाकडी दांड्याने न थांबता ढवळत राहते. सुरुवातीला ताकासारखे पातळ असलेले मिश्रण पाहता पाहता इतके घट्ट होते की दांडा दोन्ही हातांनी रेटावा लागतो, आणि तेथे हात क्षणभर जरी थांबला तरी गाठ पडते, जी पुढे सोऱ्याच्या छिद्रात अडकते. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली, आणि ओले बोट लावल्यावर चीक बोटाला चिकटला नाही, की पातेले उतरवायचे. यानंतर वेळ फार थोडा असतो. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून उतरतो. कोमट झाला की तार तुटते आणि थंड झाला की खरवस होऊन बसतो. म्हणून ओले फडके हाताला गुंडाळून वाफाळता सोऱ्या दाबत राहावे लागते. मी त्या दिवशी नऊ कुरोड्या काढल्या आणि दहावीच्या वेळी माझा हात उचलेना. मावशींच्या उजव्या तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना, गुळगुळीत झालेला डाग आहे.

यंत्राच्या मुद्द्याचे उत्तरही याच कामात आहे. मावशी यंत्राच्या विरोधात नाहीत. दळण त्या विजेच्या यंत्रावरच करतात आणि पाटा-वरवंट्याच्या दिवसांची त्यांना मुळीच आठवण येत नाही. आपण लिज्जत पापडाचे उदाहरण दिले आहे आणि ते आदराचेच आहे. 1959 साली मुंबईत गिरगावातील सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेला तो उद्योग आज कोठे पोहोचला हे सर्वांना ठाऊक आहे. पण तेथे पीठ केंद्रात मळले जाते आणि बहिणी ते घरी नेऊन लाटतात. पापडाचे पीठ असे वाटून देता येते, लाटायला दोन तास उशीर झाला तरी बिघडत नाही. चीक असा डब्यात भरून शेजारच्या गल्लीत पाठवता येत नाही. जेथे शिजला तेथेच, त्याच घटकेला तो काढावा लागतो, त्यामुळे हे काम वाढवायचे तर चुली आणि त्या चुलींपुढे बसणारी जाणती माणसे वाढवावी लागतील. दाबण्याचे यंत्र मिळते आणि उद्या मावशींनी ते घेतले तर मला आनंदच होईल, कारण त्यांचा हात वाचेल. दाणा कधी उमलला आणि चीक कधी शिजला हे मात्र तेव्हाही त्यांनाच पाहावे लागेल.

येथे माझी एक चूक दुरुस्त करते. यंत्रावरच्या कुरोड्या बेचव असतात असे मी लेखात लिहिले होते. ते मी चव न घेता लिहिले होते आणि तसे लिहायला नको होते. दुकानातली कुरोडी घेताना पाकिटाच्या मागे घटक पदार्थ वाचावेत, एवढेच मी आता म्हणेन. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचे बंधन आहे, त्यामुळे आपण गव्हाचे सत्त्व घेत आहोत की मैदा, हे पहिल्याच शब्दात कळते.

स्वच्छतेविषयी आपली काळजी रास्त आहे. मावशींची अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी आहे आणि तिचा चौदा आकडी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान उत्पादकांसाठी 2011 च्या नियमांत ही सोय करण्यात आली आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये ठेवले गेले. कुरोड्या बाजेवर धुतलेल्या कापडावर घालतात आणि वरून मलमलचे पातळ कापड ताणतात. याने धूळ अडते, पण वाळायला अर्धा दिवस जास्त लागतो. आपल्याकडे अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात 45 अंशांपलीकडे जातो आणि हवेत ओल नावाला नसते, म्हणूनच कापडाखालीही त्या दोन दिवसांत कडक वाळतात. आत ओल राहिलेली कुरोडी तेलात फुलत नाही, मधोमध कडक राहते, हे आपणही अनुभवले असेल. सौर वाळवणी यंत्र असते तर धूळ आणि अवकाळी दोन्हींची चिंता मिटली असती. त्यासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या 2020 च्या केंद्रीय योजनेत 35 टक्के अनुदान ठेवले गेले, पण ते कर्जाशी जोडलेले होते, आणि कर्जासाठी मावशी एका बँकेच्या शाखेत चार वेळा जाऊन आल्या. प्रत्येक वेळी एक नवा कागद मागितला गेला. चौथ्या वेळी घरी घाणा आंबत होता, म्हणून त्या रांग सोडून परत आल्या.

शेवटी उदात्तीकरणाचा आरोप. येथे आपण बरोबर आहात. ‘त्या हे काम केवळ प्रेमाने करतात’ असे वाक्य मी लिहिले होते, आणि त्याच लेखात हाताखालच्या दोन बायांचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. माझी आई आमच्या यवतमाळकडच्या घरी दर उन्हाळ्यात पायलीभर गव्हाच्या कुरोड्या करायची. अक्षय्य तृतीयेच्या ताटात, पोळ्याच्या पुरणपोळीसोबत आणि बहिणीच्या रुखवतात त्या मांडल्या गेल्या, पण त्यासाठी आई किती वाजता उठत असे हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी उठायची तेव्हा वाटीत गरम चीक आणि त्यावर तेल-तिखट तयार असे. मावशींच्या कामावर लिहिताना माझ्याकडून तेच पुन्हा झाले. त्यांना आपल्या कामाचा अभिमान आहे, वाईट घाणा त्या सवलतीतही विकत नाहीत, आणि हे मी पुन्हा लिहीन. पण त्या हे काम पैशासाठी करतात, मुलाच्या वसतिगृहाची फी त्यातून जाते, आणि हे त्या स्वतः कोणताही संकोच न बाळगता सांगतात. प्रेमाचे वाक्य त्यांचे नव्हते, माझे होते.

ते वाक्य मी लेखातून काढले आहे आणि त्या जागी वरचा हिशेब मजुरीसह घातला आहे. आपण लहान पाकीट मिळेल का असेही विचारले होते. होळीनंतरच्या पहिल्या घाण्यापासून पाव किलोचे पाकीट 115 रुपयांना मिळेल. चुरा हवा असेल तर आधी कळवावे, कारण तो गावातच संपतो. पाण्यात भिजवून, कांदा आणि लाल तिखट घालून त्याची भाजी करतात आणि ती ज्वारीच्या भाकरीसोबत फार छान लागते.